आकड्यांचा मामला

‘चिचुंद्रीत पट्टकृमीची नवी जाती आढळली’ ही बातमी वाचून झालीच असेल. बातमीत पहाटे उठलेल्यांचा उल्लेख नसतो. रानातली सोरेक्स चिचुंद्री काही तास उपाशी राहिली की सापळ्यातच मरते आणि ती गेली की आतड्यातले कृमीही सडू लागतात. मग कृमीच्या डोक्यावरचे बारीक आकडे गळतात. जाती ठरते ती नेमकी याच आकड्यांच्या संख्येवरून, लांबीवरून आणि घडणीवरून. सापळ्यांची फेरी चुकवून झोप काढणाऱ्याच्या हाती लागतो तो टकला पुरावा.

पुढचं भांडण प्रयोगशाळेत. जुनी मंडळी म्हणतात, फॉर्मालिनशिवाय शरीररचना नीट दिसत नाही. डीएनएवाले म्हणतात, फॉर्मालिन लावलंत की आमचा कारभार आटोपला. कृमी असतो जेमतेम काही मिलिमीटरचा. शेवटी तडजोड होते: डोकं आणि मधले खंड रंगवायला, शेपटीकडचे चार तुकडे अल्कोहोलात. रंगवलेले तुकडे पारदर्शक व्हावेत म्हणून लवंगेच्या तेलात ठेवले की दारातून डोकावणारा हमखास विचारतो, “दात कोणाचा दुखतोय?”

नावांचे किस्से तर याहून रंगतदार. १८७७ साली फ्रान्समध्ये व्हिलो यांनी पैसाकिड्यातल्या अळीवरून ‘स्टॅफिलोसिस्टिस’ ही प्रजाती मांडली. चिचुंद्रीतले प्रौढ कृमी दुजार्दँ वगैरेंनी कधीच नोंदवले होते, पण ‘टीनिया’ या सरसकट नावाखाली. पुढे नातं जुळलं आणि त्यातले कित्येक प्रौढ अळीच्या नावाखाली गेले. पोराच्या नावानं बाप ओळखला जावा, तसं झालं.

१९५२ साली लॉकर आणि राऊश यांनी ऑरेगनच्या चिचुंद्र्यांमधून चार नव्या जाती मांडल्या आणि चारही ‘हायमेनोलेपिस’मध्ये टाकल्या. निबंधावर पहिलं नाव कोणाचं, यावरून आमच्याकडे अबोले धरले जातात. इथे मात्र १९५९ मध्ये जपानच्या यामागुतींनी दोन्ही आडनावं जोडून ‘लॉकरराऊशिया’ ही नवी प्रजाती केली आणि त्या चारांपैकी एकीला तिच्यात बसवलं. सन्मान मोठाच, पण केला तो सत्कारमूर्तींचाच निर्णय फिरवून.

आपण शोधलेल्या जातीला स्वतःचंच नाव द्यायला नियमांचा मज्जाव नाही. पण जो देतो त्याच्यावर पुढची सगळी संमेलनं हसतात. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी सुचेपर्यंत वाट पाहायची. क्लाइड सेंगर यांनी उत्तर अमेरिकेतल्या चिचुंद्र्यांच्या पट्टकृमींवर लिहिलं १९५५ साली. ‘स्टॅफिलोसिस्टिस क्लाइडसेंगेरी’ छापून आली २०१३ साली. असा मान मिळाला की आमच्यातले मुरलेले लोक घरी फक्त एवढंच सांगतात, “एका नव्या जातीला माझं नाव दिलंय.” कसली जाती, हे कोणी विचारायच्या आत चहा मागवतात.