चिर्र वाजणारी डिस्क

डिस्क ब्रेक किंचाळतो तेव्हा वाजत असते ती पोलादाची चकती. पॅड तिला धरतो, निसटू देतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच होते. चकती, पॅड दाबणारा कॅलिपर आणि पॅडची धातूची पाठ यांची थरथर एका तालात आली की चिर्र असा आवाज उठतो. त्याची कंपनसंख्या साधारण 1 ते 16 किलोहर्ट्झ असते. माणसाचा कान 2 ते 5 किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असल्याने हा आवाज फार टोचतो.

कुवेत शहराच्या दक्षिणेला, सहाव्या रिंग रोडपलीकडे असलेल्या सबाह अल-सालेममध्ये या आवाजाची बरीचशी कारणे एकत्र भेटतात. 1965 ते 1977 या काळातील अमिराचे नाव मिळालेली ही वस्ती क्रमांकांच्या 'ब्लॉक'मध्ये विभागलेली आहे. तिथल्या गल्ल्यांतून जेवणाच्या पेट्या बांधलेल्या मोटरसायकली फिरतात. 2021 मध्ये कुवेतने डिलिव्हरीच्या मोटरसायकलींना बऱ्याच रिंग रोडवर आणि महामार्गांवर बंदी घातली. चालकांच्या जिवाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. ब्रेकच्या वाट्याला मात्र अंतर्गत रस्त्यांवरचे काम येते: गतिरोधक, वळण, इमारतीचे दार, पुन्हा गतिरोधक. कमी वेगात, हलक्या दाबाने, वारंवार लावलेला ब्रेक सर्वांत जास्त वाजतो. त्यातच पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होत जातो. मेकॅनिक म्हणतात, 'पॅड चिकणे झालेत.'

दुसरे कारण धूळ. उन्हाळ्यात वायव्येकडून 'शमाल' वारा सुटतो आणि स्थानिक लोक ज्याला 'तोझ' म्हणतात ती बारीक धूळ कॅलिपरच्या खाचाखाचांत बसते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडखळतात, पिस्टन पुरता मागे जात नाही आणि पॅड एका बाजूने झिजतो. उन्हाळा सरता सरता समुद्राकडून 'कोस' हा दमट वारा येतो. मग सकाळी दव बसलेली चकती पहिल्या चार-दोन वेळा ओरडते आणि गप्प होते. त्या आवाजासाठी काहीही उघडायची गरज नाही.

उन्हाला मात्र उगाच दोष दिला जातो. कुवेतमधील मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, पण जोरात ब्रेक लावलेली चकती त्याच्या कितीतरी पट तापते.

दुरुस्तीची सुरुवात पॅडच्या जाडीपासून करावी. पॅडवरची झिजेची खाच बुजत आली असेल, तर तिथेच थांबून नवे पॅड टाकावेत. धातूवर धातू घासण्याचा खरखरीत आवाज आला, तर गाडी चालवूच नये. पॅड शाबूत असतील तर कॅलिपर सोडवून पिना पुसाव्यात आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळ लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पॅडच्या पाठीला, पिस्टन टेकतो तिथेही किंचित ग्रीस चालते, कारण ते थरथर शोषते. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला मात्र थेंबही लागता कामा नये. आवाज बंद व्हावा म्हणून तिथे तेल लावणारे भेटतात. त्यांचा ब्रेक शांत होतो आणि लागायचाही थांबतो. चेनचे तेल किंवा ब्रेक ऑइल मुरलेले पॅड टाकूनच द्यावेत.

चिकणा झालेला पॅड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, त्यावर हलकेच घासला की पुन्हा धरू लागतो. कडा थोड्या तिरक्या केल्या तर आवाजाला आणखी आळा बसतो. चकती ब्रेक क्लीनरने पुसावी आणि तिची जाडी मोजावी. किमान जाडी बहुधा चकतीवरच कोरलेली असते. चकती वाकडी असेल तर पॅड कितीही बदलले तरी व्यर्थ.

एवढे करूनही आवाज राहिला, तर पॅडची जात पाहावी. धातूची भुकटी तापवून घडवलेले सिंटर्ड पॅड उष्णता उत्तम सोसतात, पण वाजतात जास्त. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत असतात. ते लवकर झिजतात, तरीही गल्लीतल्या संथ कामाला तेच बरे.

अनेक साध्या मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असतो. तिथे लायनरची भुकटी ड्रममध्येच साठते आणि करकर सुरू होते. ही भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसून घ्यावी.

नवे किंवा घासलेले पॅड बसवल्यावर आधी ब्रेकचा दांडा कडक लागेपर्यंत दाबावा. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून दहा-पंधरा वेळा ठाम, पण चाक न अडकवता ब्रेक लावावा. मध्ये चकतीला निवायला वेळ द्यावा. पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसतो आणि पकड जमते. नुसते हळूहळू दाबत राहिले तर तेच पॅड पुन्हा चिकणे होतात.