आकड्यांच्या आत – भाग ९ : निर्यात वाढली, म्हणजे नेमके काय वाढले?

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास वाणिज्य मंत्रालय आदल्या महिन्याच्या निर्यातीचा आकडा जाहीर करते. दुसऱ्या दिवशी ‘निर्यातीत इतके टक्के वाढ’ असा मथळा येतो. वाढ मालाची झाली की भावाची, हे त्यात बहुधा नसते. या भागात तेवढेच पाहायचे आहे.

२०२२-२३ हे वर्ष घ्या. २०२१-२२ मध्ये भारताची वस्तूंची निर्यात सुमारे ४२२ अब्ज डॉलर होती, ती ४५१ अब्जांवर गेली. वाढ सात टक्क्यांच्या आसपास. हाच हिशेब रुपयांत मांडला, तर वाढ पंधरा टक्के दिसते, कारण त्या वर्षात रुपया घसरला होता. आता या बेरजेतून पेट्रोलियम पदार्थ बाजूला काढा. त्यांची निर्यात सुमारे ६७ अब्जांवरून ९७ अब्जांवर गेली होती. म्हणजे एकूण वाढीएवढी वाढ एकट्या त्यांचीच. उरलेला माल – कापड, औषधे, यंत्रे, हिरे, तांदूळ – मिळून जागच्या जागी. युक्रेन युद्धामुळे डिझेलसारख्या इंधनांचे भाव जगभर भडकले होते, त्याचा यात मोठा हात. पंधरा, सात की शून्य? तिन्ही आकडे खरे आहेत, आणि सभेत कोणता सांगितला जाईल हे बोलणारा सत्तेत आहे की विरोधात यावर ठरते.

हा गुंता सोडवण्यासाठी निर्देशांक असतात. कोलकात्यातले वाणिज्यिक आसूचना व सांख्यिकी महासंचालनालय देशभरच्या सीमाशुल्क नोंदींवरून निर्यातीचे दोन निर्देशांक काढते : एकक मूल्य निर्देशांक भावाची चाल दाखवतो आणि परिमाण निर्देशांक मालाची. दोन्हींसाठी २०१२-१३ हे पायाभूत वर्ष १०० धरले आहे. समजा, नाशिकच्या द्राक्षांना युरोपात दहा टक्के जास्त भाव मिळाला, पण अवकाळीने माल दहा टक्के कमी गेला. मूल्य १०० वरून ९९ वर येईल. मथळा म्हणेल, निर्यात स्थिर. प्रत्यक्षात बागेतली तोडणी, पॅकहाउसमधली मजुरी, न्हावाशेव्याला जाणारे रीफर कंटेनर, सगळेच दहा टक्क्यांनी घटले असेल. रोजगाराचा अंदाज घ्यायचा तर परिमाण निर्देशांकच पाहावा लागतो, असे माझे ठाम मत आहे. दुर्दैवाने त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

एकक मूल्य हा मात्र खरा बाजारभाव नव्हे. एकूण किमतीला वजनाने किंवा नगांनी भागून आलेली ती सरासरी. एका महिन्यात मोठे, नितळ हिरे जास्त गेले आणि पुढच्या महिन्यात बारीक माल गेला, तर कोणत्याही हिऱ्याचा भाव न बदलता सरासरी उतरते. कापडाचे, यंत्रांचेही तसेच. तेलासारख्या एकजिनसी मालात ही अडचण कमी. म्हणून एकाच महिन्याच्या उडीवरून निष्कर्ष काढू नये. निदान वर्षभराची चाल पाहावी. शिवाय हे निर्देशांक फक्त वस्तूंचे. हिंजवडीतून अमेरिकेला जाणारे सॉफ्टवेअरचे काम यात कुठेच नाही. त्याची नोंद सेवा व्यापारात होते, आणि भारताची सेवा निर्यात आता वस्तूंच्या निर्यातीच्या निम्म्याहून बरीच पुढे आहे.

निर्देशांक उतरला म्हणजे परदेशात मागणी घटली, असेही नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि लासलगावात भाव कोसळले. तेव्हा परदेशी गिऱ्हाईक होते, चाळीत मालही होता. दार आपणच लावले होते. मे २०२४ मध्ये ते उघडले, तेही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलै २०२३ मध्ये अशीच थांबवली होती. अशा काळातले आकडे वाचताना सरकारी अधिसूचनांच्या तारखा शेजारी ठेवाव्या लागतात.

आयातीचेही असेच दोन निर्देशांक निघतात. निर्यातीच्या एकक मूल्याला आयातीच्या एकक मूल्याने भागून शंभराने गुणले की व्यापारशर्ती मिळतात; म्हणजे आपला तेवढाच माल देऊन परदेशातून पूर्वीपेक्षा जास्त येते की कमी. कच्चे तेल महागले की हा आकडा का घसरतो आणि रिफायनरीतून बाहेर जाणारे डिझेल त्याला कितपत सावरते, हे पुढच्या भागात.