समुपदेशन : उपदेशाच्या पलीकडे

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे. प्रत्यक्ष कामात मात्र त्याला फारच थोडी जागा असते. माझ्याकडे येणारे बरेच जण आधी आपणां डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आलेले असतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माझ्या कार्यपद्धतीची थोडी ओळख करून द्यावीशी वाटते.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी या क्षेत्रात आले. १८४५ साली सुरू झालेले आणि आज ‘डिम्हान्स’ म्हणून ओळखले जाणारे मनोरुग्णालय आमच्या गावातच आहे. तरीही मनाच्या त्रासाविषयी बोलायचे म्हणजे ‘वेडा’ ठरायचे, ही भीती अजून अनेक घरांत आहे. माझ्याकडे औषध नाही. ते मनोविकारतज्ज्ञांचे क्षेत्र. माझे साधन म्हणजे ऐकणे आणि विचारणे.

माझी पहिली पायरी कार्ल रॉजर्स यांच्याकडून घेतलेली आहे : समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार. दुसरी पायरी अल्बर्ट एलिस यांची. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती असे सांगते, की केवळ घटनेमुळे आपण कोलमडत नाही. त्या घटनेकडे आपण कोणत्या धारणेने पाहतो, यावर बरेच अवलंबून असते. समजा, एखादा विद्यार्थी म्हणतो, ‘मला वैद्यकीय प्रवेश मिळायलाच हवा.’ त्यातला ‘च’ मी टिपून ठेवते. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. पण कन्नडमधल्या ‘आगलेबेकु’तही तोच हट्ट ऐकू येतो. ‘मिळावा अशी माझी तीव्र इच्छा आहे’ इथपर्यंत तो स्वतः विचार करून आला, तर अपयशाचे दुःख राहते; परंतु जगणेच व्यर्थ आहे, हा निष्कर्ष सैल होऊ लागतो. हे काम एका भेटीत होत नाही आणि ‘धीर धर’ म्हणण्याने तर होतच नाही.

डॉक्टर मंडळींना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. छातीत धडधडते म्हणून येणाऱ्या रुग्णाच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणू नये. त्याला त्याचा अर्थ ‘तुम्ही ढोंग करता’ असा ऐकू येतो. दुसरे असे, की निराश रुग्णाला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञांकडे तातडीने पाठवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

समुपदेशकाकडे पाठवताना त्याचे शिक्षण व अनुभव अवश्य विचारावा, आणि रुग्णाला एवढेच सांगावे : ‘तुमचा त्रास खरा आहे. त्यांनाही भेटा आणि पुढच्या आठवड्यात मलाही येऊन भेटा.’ आपल्या डॉक्टरांनी आपल्याला टाकून दिलेले नाही, ही खात्री असलेला रुग्ण माझ्यासमोर अधिक लवकर बोलू लागतो.