भूदृश्य-छायाचित्रण : मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यातील भिंगे व त्यांचा कल

सुमारे ६ सेंमी. रुंदीच्या १२० क्रमांकाच्या फिल्मवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यास मध्यम आकाराचा कॅमेरा म्हणतात. ६ × ६ सेंमी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकटीचे प्रत्यक्ष माप सु. ५६ × ५६ मिमी. व कर्ण सु. ७९ मिमी. असतो, म्हणून तिच्यासाठी ८० मिमी. केंद्रांतराचे भिंग सर्वसामान्य मानतात. ४४ × ३३ मिमी. संवेदकाचे अंकीय कॅमेरेही आता याच वर्गात धरले जातात.

भिंग निवडताना किती प्रदेश चौकटीत मावतो, एवढाच विचार पुष्कळदा होतो. तो अपुरा आहे. ५० मिमी.च्या विशालकोनी भिंगाने जवळून घेतलेला दगड भव्य दिसतो, पण दूरची डोंगररांग रेघेएवढी उरते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी योसेमिटी येथील ‘मून अँड हाफ डोम’ (१९६०) हे छायाचित्र हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर २५० मिमी.चे भिंग लावून घेतले. चंद्रबिंबाची प्रतिमा केंद्रांतराच्या सु. १/११० असते, म्हणजे या भिंगाने ती सु. २·३ मिमी., तर ८० मिमी.च्या भिंगाने जेमतेम ०·७ मिमी. भरते.

खरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची असते. ८० मिमी.च्या भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवल्यास, ०·०५ मिमी. अस्पष्टता चालते असे धरून, सु. ४ मी.पासून अनंतापर्यंतचे दृश्य स्पष्ट येते. त्याअलीकडचे येत नाही. छिद्र आणखी लहान करावे, तर विवर्तनाने सर्वच चित्र मऊ पडते आणि उद्भासन काल लांबून वाऱ्याने हलणारी पाने-फुले पुसट होतात.

येथे भिंगाचा कल उपयोगी पडतो. भिंग पुढे झुकविल्यास फिल्मचे प्रतल, भिंगाचे प्रतल व स्पष्टतेचे प्रतल ही तिन्ही एका रेषेत मिळतात. हे तत्त्व ऑस्ट्रियन सेनाधिकारी टेओडोर शाइम्पफ्लूग (१८६५–१९११) यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र झ्यूल कार्पांत्ये यांच्या १९०१ च्या ब्रिटिश एकस्वात ते त्यापूर्वीच आले होते. फिल्म उभी ठेवून स्पष्टतेचे प्रतल आडवे करावयाचे असल्यास कलकोनाची ज्या (साइन) ही केंद्रांतर भागिले भिंगाची त्या प्रतलापासूनची उंची एवढी असावी लागते. १·५ मी. उंचीवरील ८० मिमी.च्या भिंगास केवळ सु. ३° कल पुरतो. नवशिके बहुधा याच्या कितीतरी पट कल देतात व चित्र बिघडवितात.

सातारा जिल्ह्यातील कासचे पठार फुलले असता कॅमेरा फुलांच्या वर ५० सेंमी.पर्यंत खाली आणला, तर ८० मिमी.च्या भिंगास सु. ९° कल लागेल. रोलायफ्लेक्स एसएल ६६ (१९६६) या कॅमेऱ्यात कलाची मर्यादा ८° आहे, ५० मिमी.च्या भिंगास मात्र सु. ६° पुरतात. म्हणून भिंग व कल यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो. फुजी जीएक्स ६८० (१९८९) या कॅमेऱ्यात भिंग झुकविण्याची व सरकविण्याचीही सोय होती. भिंगाने पाडलेले प्रतिमावर्तुळ चौकटीहून पुरेसे मोठे नसेल, तर कलाबरोबर कोपरे काळवंडतात.

कलाने खोली वाढते, असे सरसकट म्हणणे चूक आहे. स्पष्ट क्षेत्र पाचरीसारखे होते व पाचरीचे टोक भिंगाच्या खाली येते. वरील १·५ मी. उंचीच्या उदाहरणात एफ/१६ छिद्रास ८ मी. अंतरावर ही पाचर जमिनीपासून फक्त सु. १·५ मी. वर पोहोचते. तेथे उंच झाड असल्यास बुंधा रेखीव व शेंडा धूसर येतो; अशा दृश्यास कल न देता छिद्रच लहान करणे बरे.