विजेच्या सुईने गुडघ्याला उतार कसा पडतो?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. उतारवयात ते झिजते. मग उठता-बसता गुडघा ठणकतो. शेताची वाटसुद्धा नकोशी होते. हा संधिवाताचाच एक प्रकार.

यावर चीन देशात एक उपचार करतात. गुडघ्याभोवती ठरावीक जागी बारीक सुया टोचतात. सुयांना तारा जोडून यंत्राने अगदी मंद वीज सोडतात. झटका बसत नाही. मुंग्या आल्यागत वाटते.

याने दुखणे कमी कसे होते? दुखल्याची वर्दी मज्जातंतू मेंदूला देतात. सुईतली वीज या तंतूंना चाळवते. मग आपले शरीरच वेदना शमवणारी द्रव्ये सोडते. त्यांतल्या एकाचे नाव एंडॉर्फिन. बीजिंगच्या हान जीशेंग यांनी १९६५ पासून याचा अभ्यास केला. वीज सेकंदाला २ वेळा सोडली तर एक द्रव्य सुटते, १०० वेळा सोडली तर दुसरे, असे त्यांना आढळले.

पण ध्यानात ठेवा. याने झिजलेला सांधा भरून येत नाही. दुखणे काही काळ हलके होते, आणि गुण सर्वांना सारखा येत नाही. म्हणून डॉक्टरांचे औषध सोडू नका. उपचार जाणत्या डॉक्टराकडूनच घ्या. सुया नव्या, जंतुरहित हव्यात. छातीत पेसमेकर असेल तर तसे आधी सांगा. घरच्या विजेचा प्रयोग तर कधीच करू नका, जीव जाईल.

आणि उतार पडला की बसून राहू नका. रोज थोडे चाला. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला त्यांचा आधार मिळतो.