निर्वासितांची सेवा : दयेला शिक्षणाची जोड हवी

संकटात सापडलेल्या माणसाला मदत करण्यासाठी दयाळू मन पुरेसे आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. भुकेल्याला अन्न द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे. त्यासाठी वर्गात बसून काय शिकायचे? परंतु छळामुळे किंवा युद्धामुळे देश सोडून आलेल्या निर्वासितांच्या बाबतीत मन चांगले असूनही हातून नुकसान होऊ शकते. म्हणून त्यांच्यात काम करणाऱ्यांसाठी लहान मुदतीचे अभ्यासवर्ग निघाले आहेत. त्यांची थोडी माहिती आज वाचकांना देत आहे.

१९८२ साली बार्बरा हॅरेल-बाँड या विदुषींनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. युगांडातून दक्षिण सुदानात पळून आलेल्या लोकांची त्यांनी जवळून पाहणी केली व १९८६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की मदत करणाऱ्या संस्था निर्वासितांना असहाय समजतात, त्यांचे मत विचारीत नाहीत आणि मदत त्यांच्यावर लादतात. या केंद्राचा उन्हाळी वर्ग अनेक वर्षे जुलै महिन्यात भरत आला. सरकारी अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी असे अनुभवी लोक देशोदेशींहून येत आणि लहान लहान गटांत बसून चर्चा करीत. इटलीतील सान रेमो येथे १९७० साली स्थापन झालेली संस्थाही निर्वासितांच्या कायद्याचे वर्ग घेते. भारतात कोलकात्याला २००३ पासून असा हिवाळी वर्ग सुरू झाला.

तेथे काय शिकवतात? पहिला धडा कायद्याचा. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असलेला, देशाबाहेर आलेला माणूस निर्वासित होय. करारातील ३३ वे कलम सांगते, की जेथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत धाडू नये.

दुसरा धडा मुलाखतीचा. तो आम्हा शिक्षकांना लवकर पटेल. घाबरलेल्या मुलाला दटावून विचारले, तर त्याला येत असलेले उत्तरही आठवत नाही. जीव घेऊन पळालेल्या माणसाचेही तसेच होते. तो तारीख चुकवतो, घटना मागेपुढे सांगतो. न शिकलेला अधिकारी म्हणतो, हा खोटे बोलतो. शिकलेला अधिकारी थांबतो, चांगला दुभाषी बोलावतो आणि पुन्हा शांतपणे विचारतो. या फरकावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

हा विषय आपल्या बेटाला परका नाही. हिटलरच्या छळातून सुटून हैफा बंदरापर्यंत पोहोचलेल्या सुमारे १,५८० यहुदी लोकांना ब्रिटिश सरकारने डिसेंबर १९४० मध्ये येथे आणले व बो-बासाँच्या तुरुंगात ऑगस्ट १९४५ पर्यंत ठेवले. पुरुष कोठड्यांत आणि बायका-मुले पत्र्याच्या झोपड्यांत! शंभराहून अधिक जण येथेच मरण पावले. सेंट मार्टिनच्या दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? पुढे १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरील लोकांना आपली घरे सोडावी लागली आणि त्यांतील पुष्कळ पोर्ट लुईला आले. कायदा त्यांना निर्वासित म्हणो वा न म्हणो, घर तुटल्याचे दुःख तेच.

मॉरिशस १९५१ च्या कराराचा सदस्य नाही, भारतही नाही. पण करार नसला तरी समुद्र माणसे आणतोच. त्या वेळी प्रथम भेटणारे पोलीस, परिचारिका, शिक्षक आणि समाजसेवकच असतात. सरकारने आपल्या प्रशिक्षण वर्गांत या विषयाला दोन-चार दिवस दिले, तर खर्च थोडा आणि लाभ मोठा होईल. आपली शिकलेली मुले-मुली कायद्याकडे, समाजसेवेकडे वळत आहेत. त्यांनीही हा अभ्यास अवश्य करावा. आपले पूर्वज परक्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांची भाषा समजून घेणारा माणूस त्यांना किती मोलाचा वाटला असेल! आज तसा माणूस होण्याची पाळी आपली आहे.