माझे फोटो घेऊन गेली मारबत!

नवा टॅब उघडला की आपण नेमके कुठे जाऊन पोहोचतो? बेसातल्या एका लॅपटॉपवर घडलेली गोष्ट, आणि तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून थोडं काही.

आधी एक काम करा. तुमच्या लॅपटॉपवर आत्ता फोल्डरच्या किती विंडो उघड्या आहेत, ते मोजा. माझ्याकडे त्या रात्री अकरा होत्या. त्यातल्या तिघींचं नाव होतं ‘फोटो’. पुढचं रामायण तिथूनच सुरू झालं.

मारबत काय असते हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. मास कॉमच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघी मैत्रिणींनी काम वाटून घेतलं होतं. ती काळीच्या मागे, मी पिवळीच्या. दोघींकडे कॉलेजचे एकाच कंपनीचे कॅमेरे, दोघींची कार्डं नवीन फॉरमॅट केलेली. म्हणजे तिच्या पहिल्या फोटोचं आणि माझ्या पहिल्या फोटोचं नाव अगदी सारखं. दुसऱ्याचंही. साठाव्याचंही. हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पिवळीजवळ एक आजी भेटल्या. कडेवर नातू. गर्दीतून वाट काढत त्यांनी पोराचं डोकं मारबतीसमोर टेकवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काढला का वं पोरी फोटो? मले एक देजो बरं.” मी म्हटलं, देते ना आजी, नक्की देते. गल्लीच्या कोपऱ्यावर घर आहे म्हणाल्या. मी हो हो केलं.

रात्री बेसाला घरी आले. माझे फोटो ‘मारबत’ फोल्डरमधल्या ‘पिवळी’त, त्याच्या आतल्या ‘फोटो’मध्ये टाकले. कार्ड परत करायचं होतं म्हणून पुन्हा फॉरमॅट करून मैत्रिणीच्या हाती दिलं आणि तिने तिच्या फोटोंचा पेनड्राइव्ह मला दिला. आता ते फोटो ‘काळी’तल्या ‘फोटो’मध्ये टाकायचे. मी ‘मारबत’ फोल्डरमध्येच होते, ‘काळी’ समोरच दिसत होतं. नवा टॅब हवा म्हणून कंट्रोल आणि टी दाबलं.

नवा टॅब उघडला, पण ‘मारबत’मध्ये नाही. उघडला तो ‘होम’मध्ये. तिथे नेहमी वापरातल्या फोल्डरांमध्ये वरच ‘फोटो’ दिसलं. मी ते उघडलं आणि पेस्ट केलं. कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाच्या फाइल इथे आधीच आहेत, बदलून टाकू का? रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी पहिला पर्याय दाबला.

ते ‘फोटो’ पिवळीचं होतं.

चौसष्ट फोटो. आजी, नातू, सगळे. मारबतीला आपण सांगतो ना, रोगराई घेऊन जा, इडापीडा घेऊन जा. माझे फोटोच घेऊन गेली.

‘डिलीट झालेलं सापडते, पण…’

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसा रोडवरच्या एका कॉम्प्युटरवाल्या दादांकडे गेले. छोटंसं दुकान. रिपेअरिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच टेबलावर. माझा चेहरा पाहूनच म्हणाले, “काऊन, काय उडालं?”

मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “एसएसडी आहे का?” मी म्हटलं हो. “मग कठीण आहे ताई. डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये तरी जाते. हे तू रिप्लेस केलं. रिप्लेस केलेली जुनी फाइल बिनमध्ये जातच नाही.” तरी त्यांनी तासभर प्रयत्न केला. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलचा डेटा काही काळ तसाच पडून राहू शकतो. एसएसडी मात्र मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत जाते. तोवर कॉलेजच्या कार्डावर दुसऱ्या बॅचचं शूट होऊन गेलं होतं. ती वाटही बंद.

मग त्यांनी मला चहा पाजला आणि माझ्याकडून सगळं पुन्हा करून दाखवून घेतलं. कंट्रोल टी दाबल्यावर ‘होम’ उघडलं तेव्हा ते हसले. “हे असं झालं की तू बेसा चौकात उभी आहे, तुले बाजूच्या गल्लीत जायचं आहे आणि ऑटोवाला म्हणतो, आधी झिरो माईलवर चल, तिथून परत येऊ.”

एवढं सोपं मला तीन वर्षांच्या डिग्रीत कोणी सांगितलं नव्हतं.

टॅब आला कुठून?

टॅब आपल्याला माहीत आहेत ते ब्राउझरमुळे. फाइल मॅनेजरमध्येही ते बरेच आधी आले होते. लिनक्सवर केडीईचा ‘डॉल्फिन’ आणि ग्नोमचा ‘नॉटिलस’ या दोघांनाही २००८ मध्ये टॅब मिळाले. मॅकच्या ‘फाइंडर’ला २०१३ मध्ये, मॅव्हरिक्ससोबत. विंडोजवाल्यांनी मात्र बरीच वाट पाहिली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सेट्स’ नावाची कल्पना जाहीर केली होती, सगळ्याच विंडोंना टॅब देण्याची. चाचण्या झाल्या आणि ती गुंडाळली गेली. शेवटी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले. विंडोज १० ला ते मिळालेच नाहीत.

आता गंमत बघा. ‘डॉल्फिन’ किंवा ‘नॉटिलस’मध्ये कंट्रोल टी दाबलं की नवा टॅब तुम्ही आहात त्याच फोल्डरमध्ये उघडतो. विंडोजमध्ये तो ‘होम’मध्ये उघडतो, किंवा सेटिंगमध्ये बदल केला असेल तर ‘धिस पीसी’मध्ये. मॅकमध्येही तुम्ही सेटिंगमध्ये ठरवलेल्या फोल्डरमध्ये.

बटणं तीच, वागणं वेगळं. यात चूक कोणाची? खरं तर कोणाचीच नाही. ब्राउझरमध्ये नवा टॅब म्हणजे बहुतेक वेळा नवं काम. मेल वाचता वाचता क्रिकेटचा स्कोअर बघायचा असतो. तिथे कोऱ्या पानापासून सुरुवात केलेली बरी. फोल्डरमध्ये मात्र नवा टॅब आपण त्याच कामासाठी उघडतो. इथून उचलायचं, शेजारी ठेवायचं. दोन्ही जागा बहुतेक वेळा जवळजवळच असतात. अशा वेळी दर वेळी झिरो माईल गाठायचं म्हणजे रस्ता चुकायची एक संधी वाढवायची.

आपण ‘कुठे’ आहोत?

दादांच्या दुकानात त्यानंतर मी चार-पाच वेळा गेले. तेव्हा स्कॉलरशिपच्या फॉर्मची गर्दी होती. बेसा, बेलतरोडी, घोगलीची पोरं कागद घेऊन रांगेत. दादांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पोराचं वेगळं फोल्डर आणि प्रत्येकाच्या आत त्याच नावाच्या फाइल. मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. माझं ‘फोटो’ तर दोनदाच होतं. त्यांच्याकडे ‘मार्कशीट’ शंभरदा.

“एकाचा दाखला दुसऱ्याच्या फॉर्मले लागला तर पोराची स्कॉलरशिप अडकते,” ते म्हणाले. “त्याचा बाप मले विचारन ना!” म्हणून त्यांचे दोन नियम. एका वेळी एकाच पोराचं फोल्डर उघडं. आणि दुसरा टॅब लागलाच तर त्याच फोल्डरमधून काढायचा, ‘होम’मधून शोधत जायचं नाही.

मी स्वतःला टेक-सॅव्ही समजत होते. पण खरं सांगू? आपण मोबाइलवर वाढलेली पोरं. फोटो गॅलरीत असतात, पीडीएफ व्हॉट्सॲपमध्ये असते, उरलेलं सर्च करतो. फाइल ‘कुठे’ आहे हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. २०२१ मध्ये ‘द व्हर्ज’ने यावर मोठा लेख केला होता. फाइल कुठे सेव्ह केली असं विचारलं तर विद्यार्थ्यांना प्रश्नच कळत नाही, असा अनुभव परदेशातले प्राध्यापक त्यात सांगत होते. तेव्हा वाचला असता तर मी हसले असते. आता नाही हसत.

मिहानमधल्या मोठ्या आयटी कंपनीत इंटर्नशिप असो की न्यूजरूममध्ये, पहिल्याच दिवशी तुमच्या हातात शेअर्ड फोल्डर येतं. तिथे ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल खरंच’ अशी मंडळी आधीच बसलेली असतात. त्यात चुकीच्या जागी पेस्ट केलं तर नुकसान फक्त तुमचं होत नाही.

आता हे करून बघा

* विंडोज ११ असेल तर वरच्या टॅबवर राइट क्लिक करा आणि ‘डुप्लिकेट टॅब’ निवडा. आहात तेच फोल्डर दुसऱ्या टॅबमध्ये उघडेल. ही सोय २०२४ च्या अपडेटमध्ये आली. दिसत नसेल तर आधी अपडेट करून घ्या.

* फक्त कीबोर्डने करायचं तर ऑल्ट + डी, कंट्रोल + सी, मग कंट्रोल + टी, पुन्हा ऑल्ट + डी, कंट्रोल + व्ही आणि एंटर. म्हणजे फोल्डरचा पत्ता कॉपी करायचा आणि नव्या टॅबमध्ये टाकायचा. दोन दिवसांत हाताला सवय होते.

* समोर दिसणारं फोल्डरच नव्या टॅबमध्ये हवं असेल तर त्यावर माउसचं चाक दाबा, किंवा राइट क्लिक करून ‘ओपन इन न्यू टॅब’ घ्या. माझं काम त्या रात्री एवढ्यानेच झालं असतं. मॅकवर कमांड दाबून फोल्डरवर डबल क्लिक करा.

* घरचा जुना पीसी विंडोज १० वर असेल तर कंट्रोल + एन दाबा. टॅब नाही, पण त्याच फोल्डरची दुसरी विंडो मिळते.

* ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की एक पायरी वर, म्हणजे बाहेरच्या फोल्डरमध्ये जाता येतं. डुप्लिकेट टॅब काढा, एक पायरी वर जा, शेजारच्या फोल्डरमध्ये शिरा. झालं.

* माउसने ओढून फाइल टाकताना लक्षात ठेवा, एकाच ड्राइव्हमध्ये ओढली तर ती हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर कॉपी होते. कॉपीच हवी असेल तर कंट्रोल दाबून ओढा.

* फोल्डरला नुसतं ‘फोटो’ नाव देऊ नका. ‘पिवळी मारबत फोटो’ लिहायला चार सेकंद जास्त लागतात.

* आणि ‘रिप्लेस’ विचारलं की थांबा. पत्त्याची पट्टी वाचा. मगच बटण दाबा.

उरलेली उधारी

प्रोजेक्ट कसाबसा पूर्ण झाला. मी मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेले सात फोटो उरले होते, तेही दाबून बारीक झालेले. त्यात आजी नव्हत्या. सरांना खरं कारण सांगितलं. ते रागावले नाहीत. “पुढच्या वेळी कार्ड लगेच फॉरमॅट करू नको,” एवढंच म्हणाले. तेही लिहून ठेवलंय.

आजींचं घर शोधायला मी एकदा गेले होते. गल्लीच्या कोपऱ्यावर, एवढाच पत्ता माझ्याकडे. कोपरे चार निघाले. दोन घरांत विचारलं आणि परत आले. फोटो हातात नसताना दार वाजवून सांगायचं तरी काय, हेही होतंच.

येत्या तान्ह्या पोळ्याला पुन्हा जाणार आहे. नातू आता कडेवर मावतो की नाही, माहीत नाही. या वेळी आधी नीट पत्ता विचारणार, मग फोटो काढणार. रात्री घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी करणार आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार.